स्क्रॅबलमध्ये क्यू आला, पण यू नाही?

स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या सोंगट्यांनी पटावर शब्द जुळवायचा खेळ. त्याच्या इंग्रजी संचात क्यू एकच, 10 गुणांचा, आणि यू फक्त चार. म्हणून यूची वाट बघत क्यू सांभाळून ठेवू नका. क्यूनंतर लगेच ए येणारे शब्द पाठ करा, त्यांतले बरेच अरबी-फारसी वळणाचे असल्याने आपल्या कानांना ओळखीचे आहेत. क्यू-ए-टी म्हणजे येमेनकडे चघळतात ती पानं. क्यू-ए-आय-डी म्हणजे मुस्लीम टोळीचा प्रमुख. एन-आय-क्यू-ए-बी, म्हणजे चेहरा झाकणारा निकाब. क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे इराणातला भुयारी पाणीपुरवठा.

क्यूनंतर ए न येणारा शब्द हवा तर एफ-ए-क्यू-आय-आर, आपला फकीरच, 17 गुण!

पण सगळ्यांत मोलाचा शब्द दोन अक्षरांचा: क्यू-आय, चिनी विचारातली प्राणशक्ती. क्यूने सुरू होणारा दोन अक्षरी शब्द हा एवढाच. अक्षराचे तिप्पट गुण देणाऱ्या घरात क्यू असा ठेवा की उजवीकडे आणि खालीही आय येईल. दोन्ही शब्दांचे 31-31, म्हणजे एका खेळीत 62. पटावर अशी जागा आहे का, हे क्यू हातात येताच आधी शोधा.