लेंटमधल्या साधनेत या चुका टाळा

राखेचा बुधवार, म्हणजे लेंट या ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की आमच्या तरुण संघातली दोन-तीन पोरं हमखास माझ्याकडे येतात. “काका, यंदा चाळीस दिवस कडक उपास, पहाटे चारला प्रार्थना आणि ईस्टरपर्यंत अख्खं बायबल.” मी एवढंच विचारतो, “गेल्या आठवड्यात किती दिवस बसलास प्रार्थनेला?” मग आवाज जरा खाली येतो.

नाशिकच्या शरणपूर रोडला शनिवारचा बायबल अभ्यास घेता घेता केस पांढरे झाले, चुका मात्र त्याच. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

उपासापासून सुरुवात करू, कारण त्यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. अगदी शब्दशः. चोविसाव्या वर्षी सातपूरच्या एका कारखान्यात नुकताच लागलो होतो. एका उपासप्रार्थनेहून तापून आलो आणि ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात सोमवार ते शुक्रवार फक्त पाण्यावर राहायचं जाहीर केलं. जाहीर केलं, हे महत्त्वाचं. आईला सांगितलं, शिफ्टमधल्या सगळ्यांना सांगितलं. डबा नको म्हणताना चेहरा असा करायचो की समोरच्याने कारण विचारलंच पाहिजे. त्यात कोणीतरी म्हणालं, बायबलमधल्या एस्तेर राणीने तर तीन दिवस पाणीही घेतलं नव्हतं. झालं, गुरुवारी दुपारपासून पाणीही बंद!

गुड फ्रायडेची बारा ते तीनची उपासना. एप्रिलचं ऊन, आत जागा नाही म्हणून बाहेर मंडपात बसलेलो. येशूचे क्रुसावरचे सात उद्गार एकेक करून चालले होते. चर्चच्या पाळकसाहेबांनी पाचवा वाचला, “मला तहान लागली आहे”, आणि मी पुढच्या खुर्चीवर कोसळलो. शुद्धीवर आलो तेव्हा महिला संघातल्या एक मावशी चमच्याने लिंबूपाणी पाजत होत्या आणि त्यांच्या मागे दोघं-तिघं तोंडावर रुमाल धरून उभे होते. सहावा आणि सातवा उद्गार त्या वर्षी मी ऐकलेच नाहीत. पुढची कित्येक वर्षं मंडळीत माझं नाव ‘पाचवा उद्गार’ होतं. अजूनही एक जण त्याच नावाने सलाम घालतो.

आणि त्या आठवड्यात प्रार्थना किती झाली म्हणाल, तर नावालाही नाही. अर्धा वेळ भुकेचा विचार, अर्धा वेळ लोकांच्या लक्षात येतंय ना याचा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू. म्हणजे नेहमीसारखा दिस. मी बरोबर उलटं केलं होतं.

आता मी शुक्रवारचं दुपारचं जेवण तेवढं सोडतो. पाणी भरपूर पितो. जेवणाचा तो अर्धा तास प्रार्थनेला आणि त्या जेवणाचे पैसे एका डब्यात. डबा भरला की गुपचूप दानपेटीत. पोरांना हे फार मिळमिळीत वाटतं. वाटू दे. शुगरच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, पाळकसाहेबांना नंतर. आणि लेंट नेमका द्राक्षाच्या तोडणीत येतो, तेव्हा ज्यांच्या बागा आहेत त्यांनी बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा ५८वा अध्याय एकदा वाचावा. तुम्ही उपास धरायचा आणि बागेतल्या मजुरांची हजेरी थकवायची, हा प्रकार त्या अध्यायाला चांगलाच ठाऊक आहे.

रविवारी उपास धरू नका. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात. त्यातले ६ रविवार काढले की चाळीस.

पहाटे चारची गोष्ट. मार्क १:३५ मध्ये येशू अंधार असतानाच उठून एकांतात गेला, हे खरं. पण तिथे एकांत हा शब्द आहे. वन रूम किचनमध्ये मोठमोठ्याने प्रार्थना करून सगळ्या घराला उठवणं म्हणजे एकांत नव्हे. तिसऱ्या पाळीवरून सकाळी घरी येणाऱ्याने आधी झोपावं. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली हात टेकून पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं.

आता बायबलवाचन. इथे माझा पारा चढतो. बायबलचे अध्याय ११८९, म्हणजे वर्षात संपवायचं तर रोज साधारण सव्वातीन. एक जानेवारीला रोज तीनने सुरुवात करा. उत्पत्तीचे ५०, निर्गमाचे ४०, तीस जानेवारीला दोन्ही पुस्तकं संपतात. एकतीसला तिसरं पुस्तक, लेवीय, उघडतं आणि पहिल्याच दिवशी होमबली म्हणजे वेदीवर जाळायचे बळी, चरबी आणि गुरदे समोर येतात. दरवर्षी पोरं इथेच गळतात आणि म्हणतात, “काका, देव बोलतच नाही.” अरे, तीन अध्याय ॲपवर दोनच्या स्पीडने ऐकत चहा ढवळतोस, तो कधी बोलणार? ॲपमधल्या त्या ‘सलग १०० दिवस’च्या बिल्ल्याचा तर मला मनस्वी राग आहे.

नवशिक्याने मार्कचं शुभवर्तमान घ्यावं. सोळाच अध्याय आहेत. रोज एक, मोठ्याने, बोट ठेवून. संपला की पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात महिना जातो. लेवीय कुठे पळून जात नाही.

एकतीस डिसेंबरच्या रात्री बायबलमधली एक ओवी छापलेलं वचनाचं कार्ड काढून वर्षभर त्यावरच जगू नका. निम्म्या घरांच्या भिंतीवर यिर्मया २९:११ दिसतं, हिताचे संकल्प वगैरे. त्याच्या आधीची ओवी कोणी लावत नाही. तिथे सत्तर वर्षं थांबा असं लिहिलंय.

घरच्यांना ओढून कौटुंबिक प्रार्थनेला बसवू नका. जलालपूर आपल्या नाशिकजवळचंच, लक्ष्मीबाई टिळकांचं जन्मगाव. त्यांचे पती, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. घरच्या माणसासाठी टिळकांना पाच वर्षं लागतात आणि तुम्हाला दहावीतल्या पोराने पुढच्या सोमवारपासून गुडघे टेकायला हवे असतात. मी भाजी निवडताना टिळकांचं एखादं भजन गुणगुणतो. ज्याला सूर धरायचा तो धरतो.

शेवटचं, खाडे पडले तर काय करायचं. भरपाई करायची नाही. रविवारी बसून एकवीस अध्याय उरकणाऱ्याला सोमवारी विचारा काय वाचलं. जिथे राहिलं तिथून पुढे, बस. मी खुणेला सिटीलिंक बसचं तिकीट ठेवतो. सध्या स्तोत्र ११९ चाललंय. आठ-आठ ओव्यांची बावीस कडवी आहेत, रोज एक. आज अठ्ठाविसावा दिवस, आणि तिकीट सोळाव्या कडव्यावर आहे.