सागरेश्वरात थंडीतली हरणं कशी बघावीत

सागरेश्वरला जाऊन आलेले निम्मे लोक म्हणतात, "हरणं काय दिसली नाहीत बाबा." कितीला पोहोचला होता विचारलं, तर उत्तर येतं साडेअकरा. सोबत कोण, तर दोन गाड्या भरून पाव्हणे.

सागरेश्वर अभयारण्य सांगली जिल्ह्यात, देवराष्ट्र्याजवळ. जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं. कधीकाळच्या उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहित्यांच्या ध्यासातून झाडी उभी राहिली आणि १९८५ साली अभयारण्य झालं. चितळ, सांबर आणि काळवीट ही इथली मुख्य मंडळी.

जायचं डिसेंबर-जानेवारीत. गवत वाळून बसलेलं असतं, पानगळ सुरू झालेली असते, त्यामुळे नजर लांबवर जाते. गारठ्याची रात्र काढलेली जनावरं सकाळी मोकळ्यावर ऊन खायला येतात. गेट उघडायची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि उघडताच आत शिरा. तसं नाहीच जमलं तर दुपार कलल्यावर जा, पण अंधार पडायच्या आत बाहेर या. आपल्या ऊसपट्ट्यात बिबट्या काही नवलाचा राहिलेला नाही.

कपड्यांच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. पहिल्या खेपेला निळंशार जॅकेट घालून गेलो, तेही हात हलवला की सळसळणारं. हरणांना लाल-केशरी आणि हिरव्यातला फरक फारसा कळत नाही, पण निळा रंग ठळक दिसतो. म्हणजे जीन्सही घरीच ठेवा. मातकट, जुने, सुती कपडे आणि वर लोकरीचा स्वेटर बास. अत्तर नको, तंबाखू नको. बिस्किटाचा पुडा घरीच फोडून रुमालात बांधून घ्या. त्या कागदाचा आवाज पन्नास पावलांवरची पाडसंसुद्धा उठवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वारं. उफणणी केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. चिमूटभर बारीक माती बोटांतून सोडा आणि ती कुठं जाते बघा. ती ज्या दिशेला जाते तिकडच्या हरणाला तुम्ही आलेलं कळलेलं असतं, मग कितीही दबकत जा. डोंगरावर याचं एक गणित आहे. पहाटे गार हवा उताराने खाली वाहते, म्हणून सकाळी पायथ्याकडून वर सरकायचं. ऊन तापलं की हवा चढणीला लागते, तेव्हा वरून खाली. मधला तासभर वारं भोवऱ्यासारखं फिरतं. तेव्हा गप बसून राहावं.

चालता चालता खाली, खुरांचे ठसे बघा. जपानच्या होक्काइदो बेटावर, नोत्सुकेच्या समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्यावर, हिवाळ्यात बर्फात हरणं दिसतात. तिथं पांढऱ्यावर तपकिरी जनावर लांबूनच उठून दिसतं आणि पावलांची ओळच्या ओळ वाचता येते. आपल्याकडं उलट. वाळल्या गवतात ठिपक्यांचं चितळ डोळ्यांदेखत विरघळतं. पण पायवाटेवरचा फुफाटा बर्फाचं काम करतो. बदामाचे दोन काप शेजारी ठेवावेत तसा खुराचा ठसा दिसतो. कडा धारदार असेल तर ताजा, ढासळली असेल तर शिळा. लेंड्याही बघा. ओलसर, चकाकत्या असतील तर जनावर जवळच आहे.

असे ठसे पाणवठ्याकडे जाताना दिसले की थोडं अंतर राखून झाडाला पाठ लावून बसा. सूर्य पाठीशी, वारं तोंडावर. निदान पाऊण तास. पहिली वीस मिनिटं काही होत नाही, आणि नेमके तेव्हाच लोक उठतात. हरीण म्हणून अख्खं जनावर शोधू नका. कान हलताना शोधा. उभ्या झाडीत एखादी आडवी रेघ दिसली तर बहुधा ती पाठ असते.

त्याने तुम्हाला पाहिलं तर? चितळ मान ताठ करून रोखून बघतं, मग पुढचा पाय हळूच उचलून जमिनीवर आपटतं. एकदा, पुन्हा एकदा. ते तुम्हाला हलवून बघतंय. हलू नका, कॅमेराही उचलू नका. बऱ्याचदा ते परत चरायला लागतं. शेपूट वर गेली आणि तीक्ष्ण 'कुक' आवाज आला की खेळ संपला.

सांबर वेगळं. मोठं, गडद, बिनठिपक्याचं, दाट झाडीतून सहसा बाहेर न येणारं. थंडीत नर माजावर असतात, त्यांच्या जवळ जायचं नाही. काळवीट बघायचा तर मोकळ्या गवताळ भागाकडे नजर ठेवा. तो खरं तर हरणांच्या कुळातला नाहीच, कुरंग (इंग्रजीत अँटिलोप) आहे. त्याची पिळदार शिंगं जन्मभर टिकतात. चितळ-सांबराची मात्र दरवर्षी गळून नवी येतात. थंडीत काही चितळांच्या वाढत्या शिंगांवर मखमलीसारखी लव दिसते. दुर्बीण असेल तर तीच बघत बसा.

कुंपणाबाहेर, कुणाच्या हरभऱ्यात कळप दिसला तर टाळ्या वाजवत फोटोला धावू नका. त्या शेतकऱ्याने रात्र जागून काढलेली असते. आधी त्याला राम राम घाला, बांधावरून बघू का विचारा.

वाटेत गळालेलं शिंग सापडलं तर ते उचलून पिशवीत टाकायचं नाही, कायद्याने गुन्हा आहे. वाकून जवळून मात्र बघा. साळिंदर त्यातल्या कॅल्शियमसाठी शिंग कुरतडतं. टोकाशी त्याच्या दातांच्या बारीक खाचा सापडतात का बघा, फोटो काढा आणि जिथल्या तिथे राहू द्या.