विमा नाही आणि बिल वाढतंय? डिस्चार्जआधी हे करा

नाशिकमध्ये रुग्ण ॲडमिट केलाय, विमा नाही, तर डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्राचं, म्हणजे सरकारी योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचं, काउंटर शोधा. महात्मा फुले जनआरोग्य योजना ही राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना; तिची मंजुरी उपचारांआधी लागते. तातडीच्या केसमध्ये ती फोनवरूनही घेता येते. सगळं बिल भरून झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही, आणि नेमकं इथेच लोक अडकतात. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात ना, तेही बघा.

हॉस्पिटल योजनेत नसेल, तर धर्मादाय ट्रस्टचं आहे का विचारा. तिथे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असणाऱ्यांसाठी १० टक्के खाटा मोफत, ३,६०,००० पर्यंत आणखी १० टक्के सवलतीत राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

बिल तपशीलवारच मागा. परत केलेली औषधं, सिरिंज वजा झालीत का, ओळ न् ओळ तपासा.