एलिव्हेशन राहू द्या, आधी स्लॅबचं बोला

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दिवसभराचं ऊन स्लॅब पिऊन घेतो आणि रात्री तुम्ही पंख्याखाली आडवे झालात की खाली सोडायला लागतो. म्हणून गिऱ्हाईक नकाशा घेऊन आलं की मी म्हणतो, ‘भो, पैसा आधी छतावर घाल, मग पश्चिमेच्या भिंतीवर.’ एलिव्हेशनच्या, म्हणजे घराच्या दर्शनी भागाच्या टाइल्स उरलेल्यात.

स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या चिनी टाइल्सचे तुकडे बसवा. वजन वाढतं, ते इंजिनिअरला डिझाइनच्या आधीच सांगा. बजेट नसेल तर दर उन्हाळ्याच्या तोंडावर चुना मारा, तोही चांगलं काम करतो. जुन्या धाब्याच्या घरात मातीचा जाड थर हेच करायचा. पण तो स्लॅबवर टाकायला जाऊ नका, ओल धरते.

भिंतीचं म्हणाल तर दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेमुळे आपल्याकडे राखेच्या विटा बऱ्याच दिसतात. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, सुपीक मातीही वाचते. पण त्यांनी घर थंड राहतं, हे दुकानदाराचं बोलणं. वीट भरीव आहे, ऊन आत येणारच. ऊन अडवायचं तर पश्चिमेला एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या काँक्रीटचे ठोकळे लावा, त्यात हवेची बारीक छिद्रं असतात. ब्लॉक लाल विटेसारखा हौदात बुडवू नका, वरून नुसतं पाणी शिंपडा. कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी मारूनच प्लास्टर करा, नाहीतर तिथे हमखास तडा जातो.

लाल वीटच घ्यायची असेल तर ट्रॅक्टर खाली करण्याआधी दोन विटा एकमेकींवर वाजवा. खणखणीत आवाज हवा, बद्द नको. मग एक कोरडी वीट किराणा दुकानात तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून परत तोला. तीन किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली तर परत पाठवा. भट्टीवाला कुरकुरेल, कुरकुरू द्या.

सिमेंट पीपीसी (पोर्टलंड पोझोलाना) चालतं, त्यातही राखच असते. पोत्यावरची तारीख बघा, तीन महिन्यांपेक्षा जुनं नको. मात्र आपल्या कोरड्या उन्हात पीपीसीच्या स्लॅबला १४ दिवस पाणी लागतं. मे महिन्यात बोअर आटत असेल तर स्लॅब दिवाळीनंतरच धरा.