जुन्या घरातल्या हीटिंगसाठी नवे पाइप कसे निवडावेत

गरम पाणी फिरवून घर उबदार ठेवणाऱ्या हीटिंगचा जुना पाइप गळायला लागला की पिण्याच्या पाण्याला वापरतात तोच पाइप इथेही टाकावा, असा मोह होतो. घोळ तिथेच होतो. नळाला रोज ताजं पाणी येतं आणि वाहून जातं. हीटिंगमध्ये मात्र तेच पाणी वर्षानुवर्षं बॉयलरकडून (जिथे पाणी तापतं) रेडिएटरकडे (खोलीत ऊब सोडणाऱ्या धातूच्या पोकळ पट्ट्यांकडे) आणि परत असं फिरत राहतं. त्यात विरघळलेला प्राणवायू सुरुवातीलाच लोखंडाला गंजवून संपतो, मग गंजणं जवळजवळ थांबतं. जुने लोखंडी पाइप इतकी वर्षं टिकतात ते यामुळे. नवा पाइप निवडताना हे बिघडू द्यायचं नाही.

१. आधी पाणी की वाफ, ते ठरवा. रेडिएटरला एकच पाइप असेल आणि बाजूच्या छोट्या झडपेतून फुसफुस आवाज येत असेल, तर ती बहुधा वाफेची व्यवस्था आहे. तिथे प्लॅस्टिकचा विचारही करू नका. पुढचं सगळं फक्त गरम पाण्यासाठी आहे. जुन्या पाइपांवरचं पांढरट, भुसभुशीत वेष्टन हाताने ओरबाडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक असे तंतू) असू शकतं, त्यामुळे आधी तपासणी करून घ्या.

२. किती बदलायचं? गळक्या जागेचा तुकडा कापून आतून बघा. आत पातळ काळा थर असेल आणि पाणीही काळपट असेल, तर घाबरू नका, ही बंद व्यवस्थेतली नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी खराब झालेला भाग किंवा आट्यांचे सांधे बदलून भागू शकतं. पण आत तांबूस, फुगलेल्या गाठी दिसल्या तर कुठून तरी हवा किंवा ताजं पाणी सतत आत येतंय. ते कारण सापडेपर्यंत नवा पाइप टाकणं व्यर्थ आहे.

३. जाडी जुन्या पाइपावरून ठरवू नका. फार जुन्या घरांत पंप नसायचा. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढायचं आणि थंड झालेलं खाली उतरायचं. ही ओढ इतकी क्षीण असते की पाइप जाडजूड घ्यावे लागत. आता पंप असेल तर ती गरज उरत नाही. जाण्या-येण्याच्या पाण्यात २० अंशांचा फरक धरला, तर १० किलोवॅट उष्णता न्यायला मिनिटाला साधारण ७ लिटर पाणी पुरतं. २२ मिमी तांब्याच्या पाइपातून ते निवांत वाहतं. १५ मिमीमधून वेग दुपटीच्या वर जातो. मापांचे आकडे मात्र फसवे असतात. २२ मिमी तांब्याचं आतलं तोंड सुमारे २० मिमी असतं, तर २० मिमी पेक्सचं (हा लवचीक प्लॅस्टिकचा पाइप) जेमतेम १६. त्यामुळे आतला व्यास बघूनच तुलना करा.

४. आता कशाचा पाइप, ते. तांबं सगळ्यात बिनघोर: उष्णता सोसतं आणि प्राणवायू आत येऊ देत नाही. फक्त डाख देताना जुन्या लाकडाजवळ ज्योत धरावी लागते, म्हणून अशा घरात मी दाबून बसवायचे सांधे पसंत करेन. काळा लोखंडी पाइपही चालतो, पण आटे पाडण्याची मेहनत आहे. जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे जीआय पाइप टाळा; पाणी ६० अंशांच्या वर गेलं की जस्त लोखंडाला वाचवायचं सोडून उलट त्याला गंजवायला मदत करू शकतं.

पेक्स लवचीक असतं. भिंती न फोडता फरशीखालून ओढता येतं, आणि जुन्या घरात हे फार मोलाचं आहे. पण प्राणवायू रोखणारा थर असलेलंच पेक्स घ्या. साध्या पेक्समधून प्राणवायू झिरपतो आणि पाइपाला काही होत नाही. गंजतात ते बॉयलर आणि रेडिएटर. पाइपावर हा थर असल्याचं छापलेलं नसेल, तर दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका. तापमान आणि दाबाची मर्यादाही तिथेच वाचा. बॉयलरला लागून पहिला सुमारे एक मीटर धातूचाच ठेवा.

पेक्स तापल्यावर खूप लांबतं: १० मीटर पाइप ६० अंशांनी तापला तर तांबं साधारण १ सेंटिमीटर वाढतं, पेक्स मात्र ९ ते १२. वाव ठेवला नाही तर ते वाकतं, कडकड वाजतं. दोन प्लॅस्टिकांमध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेला पाइप त्याच फरकाला दीड सेंटिमीटरच्या आसपास वाढतो आणि प्राणवायूही अडवतो. उघड्यावर, सरळ रेषेत दिसणारा पाइप हवा असेल तर मी हाच घेईन.

५. झाकण्याआधी. जुने रेडिएटर धुऊन काळा गाळ काढा आणि बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपावर चुंबकी गाळणी बसवा. मग दाब देऊन बघा. नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब काही तास टिकला, तरच फरशी बंद करा.