गवळीवाड्याची जुनी राहणी कशी नोंदवावी

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात पश्चिमेकडील रानात धनगर-गवळ्यांचे वाडे विखुरलेले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या म्हशींवर जगलेल्या या समाजाची नोंद करू पाहणाऱ्याने ‘तुमची समाजव्यवस्था कशी होती?’ असे कधीही विचारू नये; त्याला ‘चांगली होती’ एवढेच उत्तर मिळते. सुरुवात म्हशींपासून करावी. दावणीला किती म्हशी होत्या, उन्हाळ्यात त्या कोणत्या पाणवठ्यावर नेत, कोणत्या कुरणात कोणाची जनावरे चरत आणि त्यावरून तंटा झाल्यास तो कोणापुढे मिटत असे, या क्रमाने विचारत गेल्यास वाड्याचा प्रमुख, जाणत्यांची बैठक आणि चराईचे अलिखित नियम आपोआप बोलण्यात येतात.

दुधातुपाचा हिशेब मात्र बायकांना विचारावा, आणि तोही पुरुष ओसरीवर नसताना. लोणी-तूप खालच्या गावात नेऊन त्याच्या बदली धान्य आणायचे, कुणब्यांच्या शेताला शेणखत पुरवायचे, असा हा व्यवहार होता. त्यात भाव कोण ठरवी आणि आलेले धान्य कोणाच्या ताब्यात राही, हे कळले की घरातील अधिकाराची खरी वाटणी कळते. आडनावे आणि कोणत्या कुळांत सोयरीक होत नाही, हेही टिपून घ्यावे.

ही नोंद वनहक्क कायदा, 2006 याखाली वनजमिनीवरील हक्काचा दावा करतानाही उपयोगी पडते. कर्नाटकात हा समाज अनुसूचित जमातीत नसल्यामुळे ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून त्याला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. 1930 पाहिलेले माणूस आता कोठून मिळणार? दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, परंतु एकापेक्षा अधिक पुरावे विचारात घेतले जात असल्यामुळे जुनी विहीर, देवस्थान, दफनभूमी यांच्या जागा वृद्धांना सोबत घेऊन प्रत्यक्ष पाहाव्यात व नकाशावर दाखवाव्यात.

बोलीतील शब्द प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नयेत. कचेरीचे काम कन्नडमध्ये चालते, म्हणून कन्नड प्रत करावीच. पण कुरणांची, ओढ्यांची नावे दोन्ही प्रतींत वाड्यावर उच्चारतात तशीच ठेवावीत आणि अंगठा घेण्यापूर्वी सारा मजकूर सांगणाऱ्याला त्याच्याच बोलीत वाचून दाखवावा.