बहिर्वक्र भिंगाने पडद्यावर प्रतिमा कशी मिळवावी

प्रकाशकिरण भिंगाच्या आत वाकत नाही. तो वाकतो भिंगाच्या दोन पृष्ठभागांवर. हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाणारा प्रकाश साध्या काचेत सुमारे २ लाख किलोमीटर जातो, आणि पृष्ठभागावर तो तिरपा पडला तर वेगातील या बदलामुळे त्याची दिशाही बदलते. यालाच अपवर्तन म्हणतात. बहिर्वक्र, म्हणजे मध्ये जाड व कडेला पातळ, भिंगाचे पृष्ठभाग कडेकडे अधिक कललेले असल्याने तेथील किरण जास्त वळतात, मध्यातून जाणारा किरण जवळजवळ सरळ जातो, आणि म्हणूनच एका बिंदूपासून निघून भिंगभर पसरलेले किरण पलीकडे पुन्हा एकत्र येऊ शकतात.

आधी नाभीय अंतर, म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जेवढ्या अंतरावर पडते ते अंतर, शोधावे. अंधाऱ्या खोलीत खिडकीसमोर भिंग धरून मागे पांढरा कागद पुढेमागे सरकवावा. बाहेरच्या दूरच्या झाडाची उलटी प्रतिमा रेखीव दिसेल तेव्हा भिंग व कागद यांतील अंतर मोजावे. भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये; डोळ्याला कायमची इजा होते.

हे अंतर १० सेंमी आले असे समजू. पेटती मेणबत्ती भिंगापासून ३० सेंमीवर ठेवल्यास पलीकडे १५ सेंमीवर ज्योतीची निम्म्या आकाराची उलटी प्रतिमा मिळते. २० सेंमीवर ठेवल्यास २० सेंमीवर, ज्योतीएवढीच. १५ सेंमीवर ठेवल्यास ३० सेंमीवर, दुप्पट.

आता भिंगाचा अर्धा भाग जाड कागदाने झाकावा. ही पायरी कोणीही वगळू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. अर्धी ज्योत नाहीशी होईल अशी बहुतेकांची अपेक्षा असते, कारण पुस्तकांतील भिंगाच्या आकृतीत दोनच किरण काढलेले असतात. परंतु ते केवळ रेखाटनाच्या सोयीसाठी निवडलेले असतात. ज्योतीच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश संपूर्ण भिंगावर पडत असल्यामुळे उघडा राहिलेला अर्धा भागही पूर्ण ज्योतीची प्रतिमा घडवतो, फक्त तिची प्रखरता कमी होते.

मेणबत्ती १० सेंमीच्या आत आणली की पडदा कोठेही नेला तरी प्रतिमा उमटत नाही, कारण भिंगातून बाहेर पडल्यावरही किरण एकमेकांपासून दूरच जात राहतात. तेवढ्याच अंतरावर छापील मजकूर ठेवून भिंगातून पाहावे: डोळ्याला ते किरण मागच्या एका बिंदूपासून आल्यासारखे भासतात आणि अक्षरे मोठी व सुलटी दिसतात. ही आभासी प्रतिमा होय.